दोघांचे मिळून एकशे एकाहत्तर

विमान चालवायला शिकता येतं. माझ्यासारख्या चोपन्न वर्षांच्या, चष्मेवाल्या, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबणाऱ्या माणसालाही येतं. येत नाही ते एवढंच, की ही गोष्ट बिल्डिंगपासून लपवायची कशी. मी पहिल्याच आठवड्यात सापडलो. तळमजल्यावर एक निवृत्त पूल-अभियंते राहतात. त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारा नकाशा पाहिला आणि विचारलं, "काय, जमीन घेताय वाटतं?" मी खरं सांगून बसलो. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना माहीत झालं, आणि तेव्हापासून मी जिन्यात दिसलो की लोक एकमेकांना सांगतात, "पायलट आले."

मधलं दीड वर्ष सांगत बसत नाही. लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, एकट्याने उड्डाण करून झालं, ठरलेले तास भरले. राहिली होती ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. म्हणजे सरकारी परीक्षक तुमच्या शेजारच्या सीटवर येऊन बसतो, विमान तुम्ही चालवायचं, आणि उतरल्यावर तो सांगतो की तुम्ही खासगी वैमानिक झालात की नुसतेच खासगी राहिलात. घाईचं कारण वेगळंच होतं. माझ्या वैद्यकीय दाखल्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती, आणि डॉक्टरांनी तो देतानाच सांगून ठेवलं होतं, "या रक्तदाबावर पुढच्या खेपेला सही मिळणार नाही. दुसरा डॉक्टर शोधा, नाहीतर दुसरा छंद." दाखला गेला की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की सगळंच गेलं.

पण हे संकट मोठ्या संकटापुढे किरकोळ होतं. परीक्षेच्या पाच महिने आधी माझ्या शिक्षिकेने माझ्यापुढे एक कागद ठेवला. ती वयाने माझ्या पुतणीएवढी, अंगाने काडी, आणि आवाजाने हेडमास्तर.

"वजनाचं गणित करा," ती म्हणाली.

केलं. रिकामं विमान इतकं, नियमाप्रमाणे लागणारं कमीत कमी इंधन इतकं, तेल इतकं. उरलं ते दोन माणसांचं. कपड्यांसकट, बुटांसकट, नकाशासकट एकशे एकाहत्तर किलो.

"मी एक्कावन्न," ती म्हणाली. "म्हणून आजवर आपल्याला कधी प्रश्न आला नाही. परीक्षक अठ्ठ्याऐंशी आहेत. तुम्ही?"

मी एक्याण्णव होतो. तिने कागदावर वजाबाकी केली नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला आलेल्या बापाकडे पाहावं तसं.

"इंधन थोडं कमी केलं तर?" मी विचारलं.

"परत खाली यायचं नसेल तर करा."

इथे माझा व्यवसाय सांगायला हवा, कारण त्याशिवाय माझी लाज कितपत खोल आहे ते कळणार नाही. मी वजनमापे निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन लोकांचे काटे तपासतो. माझ्या गाडीच्या डिकीत वीस किलोचं प्रमाणित वजन कायम असतं. ते दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचं, आणि काट्याने वीस दाखवले नाहीत तर शिक्का नाकारायचा. वीस ग्रॅमसाठी मी सख्ख्या मेहुण्याचा काटा बंद केलाय. अजून आमच्यात बोलणं नाही, अर्थात त्याची मला सवय झाली आहे. अशा माणसाच्या स्वतःच्याच वजनात आठ किलो जास्त निघावेत.

विमान शिकवणाऱ्या आमच्या शाळेकडे चार सीटचं एक मोठं विमान होतं. त्यात आम्ही दोघंच काय, माझा रक्तदाबही सहज मावला असता. पण त्याचं इंजिन मागच्या वर्षापासून विमानं ठेवायच्या हँगरमधल्या टेबलावर सुटं होऊन पडलं होतं. मेकॅनिकला विचारलं की तो म्हणायचा, "पार्ट निघालाय." कुठून निघालाय आणि कुठे पोचलाय हे तो सांगत नसे. एकदा मी जरा नेटाने विचारलं तर म्हणाला, "साहेब, पार्ट येण्यापेक्षा तुमचं पोट लवकर जाईल." अनुभवी माणूस, म्हणून मी विश्वास ठेवला.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. पूल-अभियंते संध्याकाळी वर आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "विमान म्हणजे काय हो, पूलच. फक्त दोन्ही टोकं सुटी. भार कमी करायचा तर माणसाला कशाला हात लावता? दारं काढा. दोन्ही दारं मिळून दहा किलो सहज." मी म्हणालो, दारं काढून परीक्षेला गेलो तर परीक्षक काय म्हणतील. ते म्हणाले, "वाऱ्यात त्यांचं काही ऐकूच येणार नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं मत असं, की वजन खाण्याने वाढतच नाही, चिडण्याने वाढतं. त्यांनी मला रोज सकाळी अर्धा तास आरशात बघून हसायला सांगितलं. चार दिवस हसलो. पाचव्या दिवशी समोरच्या खिडकीतल्या बाईंनी पडदा लावून घेतला तो कायमचा.

शेवटी सूत्रं बायकोने हातात घेतली. तेल गेलं, साखर गेली, रात्रीच्या जेवणाला सूप नावाचं गरम पाणी आलं. बिचारी स्वतःही माझ्याबरोबर तेच प्यायची. "एकट्याला कसं गिळवेल तुम्हाला," म्हणायची. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये काटा मांडला जायचा. काटा मीच पारखून आणलेला, ग्रॅमभर इकडचा तिकडे न होणारा. मी घड्याळ काढायचो, अंगठी काढायचो, चष्मा काढायचो. चष्म्याचे चाळीस ग्रॅम असतात, आणि चाळीस ग्रॅम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चष्मा काढला की मला पायाखालचा आकडा दिसत नाही, पायही धूसर दिसतात. म्हणून आकडा ती वाचायची.

पहिल्या रविवारी तिने वाचलं, "एक्याण्णव." दुसऱ्या रविवारी पुन्हा, "एक्याण्णव." त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलो. शिक्षिकेला फोन करून नाव काढून घेतो असंही बोललो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बायकोने ते पाहिलं होतं. तिसऱ्या रविवारी ती खाली वाकली, जरा जास्तच वेळ वाकून राहिली, आणि म्हणाली, "नव्वद."

मग गाडी उताराला लागली. कधी अर्धा किलो, कधी पाऊण. मी दिवाणखान्यात तक्ता लावला. पँट्स मात्र तशाच घट्ट राहिल्या. त्यावर बायकोचं म्हणणं, की धुऊन धुऊन कापड आटतं. माणूस आणि कापड एकाच वेगाने आटत असतील तर फरक कळणार कसा, हे मला पटलं. शेजारीही म्हणायला लागले, "चेहरा पार उतरला हो तुमचा." तो उतरलाच होता.

या काळात घराचं जे झालं ते शत्रूच्या घरी होऊ नये. परीक्षेत एक प्रकार असतो. चांगलं उडत असताना परीक्षक न सांगता इंजिनाचा जोर काढून घेतो आणि म्हणतो, "इंजिन बंद पडलं." मग तुम्ही न डगमगता वेग सांभाळायचा, उतरायला मोकळं शेत शोधायचं आणि काय काय करतोय ते मोठ्याने बोलायचं. बायकोने याचा सराव घ्यायचं मनावर घेतलं. मी दाढी करत असलो, फोनवर साहेबांशी बोलत असलो, तरी मागून आवाज यायचा, "इंजिन बंद." की मी हातातलं टाकून, मान सरळ करून, "वेग पासष्ट, वाऱ्याची दिशा, शेत डावीकडे" असं घोकायला लागायचो. हळूहळू ते बिल्डिंगभर झालं. अभियंते जिन्यात म्हणायचे. वहिनी गॅलरीतून म्हणायच्या. एकदा चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना भेटायला आम्ही सगळे दवाखान्यात गेलो होतो. मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसलो, आणि आजोबा नळी लावलेल्या अवस्थेत क्षीण आवाजात म्हणाले, "इंजिन बंद." सवयीने मी उठून शेत शोधायला लागलो. नर्सने मला बाहेर काढलं.

ऑफिसचं दुखणं वेगळं. माझा दिवस म्हणजे दहा-बारा दुकानं, आणि प्रत्येक दुकानात चहा. मी लाच घेत नाही. सव्वीस वर्षांत घेतली नाही. पण चहा म्हणजे लाच नव्हे, माणुसकी आहे, आणि चहासोबत येणारी दोन बिस्किटं ही त्या माणुसकीची बशी. शिक्का नाकारायचा आणि वर चहाही नाकारायचा, इतका कठोर मी कधी नव्हतो. सुपाच्या वाटीपुढे मी या बशा मोजल्या नाहीत. दिवसभर चालतो त्यात जिरत असेल असं धरून चाललो.

मग परवाना कार्यालयाने घोळ घातला. परीक्षेच्या अर्जात वजनाचा रकाना होता. मी अभिमानाने त्र्याऐंशी लिहिलं. खिडकीमागच्या कारकुनाने वैद्यकीय दाखला उघडला.

"दाखल्यात एक्याण्णव आहे."

"ते मागच्या वर्षीचं. मी कमी केलं."

"दाखला चालू आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही एक्याण्णव आहात. मुदत संपेपर्यंत." त्याने अर्ज परत सरकवला. "किंवा शपथपत्र आणा, की दाखल्यातला माणूस आणि तुम्ही एकच."

"बाकीचे आठ किलो कुठे गेले तेही लिहायचं का?" मी जरा तिखट विचारलं.

"लिहा ना. जागा असेल तर."

तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी शिक्क्याची शाई वाळलेली, दुसऱ्या दिवशी शिक्का मारणारा रजेवर. तिसऱ्या दिवशी मी सरकारी कागदावर शपथेवर लिहून दिलं, की मी तोच, फक्त आठ किलोंनी कमी, आणि यात काही खोटं आढळल्यास होणाऱ्या कारवाईस पात्र. सही करताना वाटलं, आयुष्यात एवढं खरं कधी लिहिलं नव्हतं.

एवढा जीव का टाकायचा, असं मेहुणा बायकोला फोनवर विचारायचा. तिला सांगता आलं नसेल. मलाही येत नाही. एवढंच, की पहिल्यांदा एकटा वर गेलो तेव्हा शेजारची सीट रिकामी होती आणि विमान नेहमीपेक्षा किती तरी लवकर जमिनीवरून उचललं गेलं. वर कोणी काही सांगत नव्हतं. खाली रस्ता होता, त्यावर माझं ऑफिस, त्यापुढे आमची बिल्डिंग, आणि सगळं तळहातावर मावेल इतकं. अकरा मिनिटं मी कोणाचाच कोणी नव्हतो आणि मला फार आनंद झाला. उतरल्यावर बायकोला म्हणालो, परवाना मिळाला की पहिली तुला नेणार. ती म्हणाली, "बघू." पण त्या दिवसापासून तिने शेजारणींना वाऱ्याचा वेग सांगायला सुरुवात केली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मेकॅनिकने मला बाजूला घेतलं. "परीक्षकांची एक खोड सांगतो. फोनवर वजन विचारलं की अठ्ठ्याऐंशी सांगतात. खरं जास्त आहे. जो मुकाट्याने लिहून घेतो त्याला विमानात बसायच्या आधीच नापास करतात. गेल्या वेळचा पोरगा तसाच गेला."

"मग काय करायचं?"

"ते तुमचं खातं आहे, साहेब. तुम्ही काटेवाले."

घरी येऊन मी विचार केला. मोठ्या माणसाला, त्यातून सरकारी, त्यातून आपलं नशीब हातात असलेल्या माणसाला, काट्यावर उभे राहा म्हणायचं. मी साहेबांना कधी पंखा कमी करा म्हटलेलं नाही. पण सव्वीस वर्षांचा शिक्का होता. सकाळी मी घरचा काटा गाडीत ठेवायला लागलो, तशी बायकोचा चेहरा एकदम पडला.

"तो कशाला घेताय?"

मी सांगितलं.

"नका हो. मोठ्या माणसाला असं चढवतात का कुठे? सांगतील ते लिहून घ्या. आणि चढवलंत तर फक्त त्यांना चढवा."

मी म्हटलं, ही चांगल्या घरातली आहे, तिला रीत कळते. आणि काटा डिकीत वीस किलोच्या वजनाशेजारी ठेवला.

हँगरमध्ये परीक्षक आले. उंच, रुंद, पांढऱ्या शर्टाची बटणं ताणलेली. तोंडी परीक्षा दीड तास चालली आणि माझी मलाच खात्री पटेना इतकी चांगली गेली. मग त्यांनी पेन बंद केलं. "वजनाचा कागद. माझे अठ्ठ्याऐंशी धरा."

मी लिहिलं नाही. घरचा काटा गाडीतून आणून त्यांच्यापुढे ठेवला. शिक्षिका माझ्याकडे बघत होती, मेकॅनिक इंजिनाच्या सुट्या भागांमागून बघत होता, बरोबर आलेली बायको दाराशी माझी डब्याची पिशवी धरून उभी होती.

"सर," मी म्हणालो, "राग मानू नका. मला ते पाहावं लागेल."

परीक्षकांनी पेन खिशाला लावलं. मग ते बूट न काढता काट्यावर चढले. मेकॅनिकने वाकून वाचलं.

"अठ्ठ्याऐंशी."

बरोबर अठ्ठ्याऐंशी. मेकॅनिकची खबर त्याच्या पार्टाइतकीच भरवशाची निघाली. परीक्षक उतरले आणि पहिल्यांदाच किंचित हसले. "बावीस वर्षांत मला काट्यावर चढवणारे तुम्ही पहिले. वैमानिकाने असंच असावं. चला, आता तुम्ही."

माझी छाती जी फुगली ती फुगली. मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, सवयीने चष्मा काढला आणि चढलो.

मेकॅनिक वाकला. मग आणखी वाकला. चष्म्याशिवाय मला त्याची नुसती टोपी दिसत होती.

"एक्याण्णव," तो म्हणाला.

"नीट बघा."

"एक्याण्णव, साहेब. काही ग्रॅम वरच."

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, जे सव्वीस वर्षांत हजारो दुकानदारांनी मला ऐकवलं आणि ज्यावर मी एकदाही विश्वास ठेवला नाही. मी म्हणालो, "काटा बिघडलाय."

परीक्षक म्हणाले, "आताच तर बरोबर होता."

मी तरातरा गाडीकडे गेलो, वीस किलोचं वजन उचलून आणलं, काट्यावर ठेवलं आणि चष्मा लावला. काट्याने वीस दाखवले. ना कमी, ना जास्त. इतका प्रामाणिक काटा मी क्वचितच पाहिला असेल. मी वर पाहिलं. दाराशी बायको पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. आणि मला तिसरा रविवार आठवला, ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली होती तो.

दोघांचे मिळून एकशे एकोणऐंशी. परीक्षकांनी आवाज न चढवता सांगितलं की उड्डाण होणार नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, 'तोंडी परीक्षा उत्तम. उड्डाण रहित. कारण : उमेदवाराचे वजन.' मग कॅलेंडर पाहून म्हणाले, "अठरा दिवसांनी या बाजूला येतोय. तुमचा दाखला त्यानंतर दोन दिवसांनी संपतो. आठ किलो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता म्हणालात?"

मी सांगितलं. ते यावर काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायकोच बोलली. "तुम्ही त्या काट्यावर चष्मा काढून असे उभे राहायचात, शाळेतल्या मुलासारखे. माझ्याच्याने खरा आकडा सांगवेना. वाटलं, आज एक किलो खोटा सांगू, पुढच्या रविवारपर्यंत खरा होईल. मग खरा राहिलाच मागे."

"शपथपत्र दिलंय मी," मी म्हणालो. रागवायचं होतं, पण आवाजात राग सापडेना.

"माहीत आहे." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मला वर न्यायचं म्हणाला होतात ना."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मी गाडी पुढे घेतली.

जिन्यात अभियंते भेटले, "काय पायलट?" मी म्हटलं, "इंजिन बंद." ते खूश झाले. घरी आल्यावर मी तक्ता भिंतीवरून काढला, घडी करून कपाटात ठेवला आणि हॉलमध्ये काटा मांडला. घड्याळ काढलं, अंगठी काढली. चष्मा मात्र डोळ्यांवर ठेवला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आज पुन्हा सूपच होतं, तिच्यासाठीही. मी चढलो आणि खाली पाहिलं. दिवसभर अन्नाचा कण पोटात नव्हता, तरी एक्याण्णव.

भांड्यांचा आवाज थांबला. "किती?" तिने आतून विचारलं. दुकानदाराच्या काट्यावर मी वाकलो की तो मागून ज्या आवाजात विचारतो, त्याच आवाजात.

सव्वीस वर्षांत मी एकही खोटं वजन पास केलेलं नाही.

"नव्वद," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. "उतरतंय."